गॅस बघून शिकता येत नाही

कोल्हापूरचा कारागीर बघून शिकतो. उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं आहे. शाळा अर्ध्यावर सोडलेला पोरगा मेस्त्रीच्या हाताखाली लागायचा. आधी झाडलोट, मग पाने-हत्यारं हातात देणं, मग जॉब धरणं, आणि कधीतरी मेस्त्री चहाला गेला असताना लेथवर पहिला हात. कुणी फळ्यावर काढून काही शिकवलं नाही. तरी याच गल्ल्यांनी ऑइल इंजिनं घडवली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यातल्या फौंड्र्यांचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचं, कास्टिंग आज देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांना आणि परदेशातही जातं. या शिक्षणाला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. माझी उमेदीची वर्षं याच शेडमध्ये गेली आहेत.

पण एक गोष्ट या पद्धतीनं शिकता येत नाही, आणि ती आपण अजूनही याच पद्धतीनं शिकवतो. ती म्हणजे गॅस.

लेथवर चूक झाली की जॉब बिघडतो. वाळूत ओल जास्त राहिली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, निघतं, मशीनशॉपवाला ते परत पाठवतो, मेस्त्रीच्या शिव्या बसतात आणि पोरगं शहाणं होतं. चूक आणि तिची शिक्षा यांत फार अंतर नसतं. गॅसच्या बाबतीत हे नातंच तुटलेलं असतं. चुकीच्या पद्धतीनं शंभरदा काम केलं तरी शंभरदा काम होतं. काही होत नाही, आणि ‘काही होत नाही’ हेच शिकाऊ पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. ज्या वेळी होतं, त्या वेळी त्यातून शिकायला तो बरेचदा उरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की गॅस हाताळण्याचं ज्ञान अनुभवावर सोडता कामा नये. ते सांगून, दाखवून, ज्याच्या त्याच्या भाषेत, कामाच्या पहिल्या दिवशी दिलं पाहिजे आणि सक्तीनं दिलं पाहिजे. ते कुणी द्यायचं हेही मोघम ठेवून चालणार नाही.

ऑक्सिजनपासूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी आहेत. प्राणवायू म्हणजे चांगला वायू, त्याची कसली भीती? ऑक्सिजन स्वतः जळत नाही हे खरं. पण तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, आणि आपल्या ओळखीची सगळी आग, चुलीतली असो की भट्टीतली, या २१ टक्क्यांवरची आहे. हे प्रमाण २३-२४ टक्क्यांच्या वर गेलं की आगीची चाल बदलते. एरवी धुमसत राहणारं कापड भडकन पेटतं. एरवी शर्टावर पडून विझणारी ठिणगी सगळा शर्ट पेटवते.

आता पत्र्याच्या टाकीत उतरून वेल्डिंग करणारा पोरगा डोळ्यांपुढे आणा. एप्रिलची दुपार, वरून शेडचा पत्रा तापलेला, आत आर्कचा धूर. तो ओरडतो, “मामा, आत लई कोंदलंय.” बाहेरून मामा म्हणतो, “मग थोडा ऑक्सिजन सोड की रं, गार वाटंल.” हा संवाद मी कानांनी ऐकला आहे. मामाच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, उलट माया होती. कटिंग टॉर्चमधून ऑक्सिजन सोडला की पोराला बरंही वाटतं. पण तो वायू कपड्यांत, केसांत मुरतो, आणि टाकीतून बाहेर मोकळ्यावर आल्यानंतरही काही मिनिटं तिथंच राहतो. त्या वेळात त्यानं पुन्हा आर्क मारला किंवा बाहेर येऊन बिडी शिलगावली, तर तो माणूस उभा पेटतो. अंगावरची धूळ उडवायला ऑक्सिजनची नळी कपड्यांवर मारणारे तर कित्येक आहेत. त्या शेडमध्ये कुणालाही विचारा, प्रत्येकानं हे दुसऱ्याला करताना पाहिलेलं असतं. पाहूनच शिकलेले आहेत सगळे.

तेलाचंही तसंच. भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये साधारण १५० बारचा दाब असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की रेग्युलेटरच्या तोंडाशी वायू क्षणात दाबला जातो आणि दाबला गेला की तापतो. तिथं ग्रीसचा एखादा ठिपका असेल, तेलकट कॉटन वेस्टनं पुसलेला धागा असेल, तर तो पेटतो आणि मग खुद्द रेग्युलेटरचा धातू जळू लागतो. हे समजावून सांगायला कोल्हापूरइतकी सोपी जागा दुसरी नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, नुसत्या दाबानं तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, हे इथल्या मेस्त्रीला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. त्याला एवढंच म्हणायचं, की ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लावलेलं ग्रीस म्हणजे त्या इंजिनातलं डिझेल. पुन्हा आयुष्यात तो तेलकट हात लावणार नाही. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, उघडताना रेग्युलेटरच्या समोर नाही तर बाजूला उभं राहायचं, धागा आवळत नाही म्हणून तेल सोडायचं नाही. सांगायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतात.

ॲसिटिलिनचा, आपल्याकडच्या बोलीत डीएचा, सिलिंडर आडवा टाकून वापरणं हेही असंच नजरेनं शिकलेलं. आत नुसता वायू नसतो. सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोनमध्ये ॲसिटिलिन विरघळवलेलं असतं. कारण मोकळ्या अवस्थेत हा वायू थोड्याशा दाबानंही स्वतःच फुटू शकतो. सिलिंडर आडवा असला की ॲसिटोन बाहेर ओढलं जातं आणि आतली ही सगळी रचना बिघडते. हवेत २.५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो, इतका मोठा पल्ला क्वचितच दुसऱ्या वायूचा असेल. ज्योत नळीतून मागं सिलिंडरकडे पळू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर नावाची छोटी वस्तू लावतात. काही हजारांत मिळते. ती किती टॉर्चना लावलेली आहे ते एकदा आपापल्या शेडमध्ये जाऊन बघावं.

आगीची निदान माणसाला उपजत भीती तरी असते. ज्या वायूंची भीतीच वाटत नाही, ते माझ्या मते याहून घातक. आर्गॉन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड. जळत नाहीत, वास नाही, रंग नाही, विषारी म्हणून पहिले दोन ओळखलेही जात नाहीत. आपल्या भागात दुधाचा धंदा मोठा, त्यामुळे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि टँकर यांचं आर्गॉन वेल्डिंगचं काम भरपूर. सांधा आतल्या बाजूनं काळा पडू नये म्हणून टाकीत आर्गॉन भरून ठेवतात. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, म्हणून तो टाकीच्या तळाशी बसतो आणि तिथली हवा वर ढकलतो. काम झाल्यावर वेल्डर मॅनहोलमधून डोकं आत घालून सांधा कसा बसला ते बघतो. बघायलाच हवं, तो चांगला कारागीर आहे म्हणून तर बघतो. आत ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर एक-दोन श्वासांत माणूस बेशुद्ध होतो. गुदमरल्यासारखं वाटत नाही, छाती भरून येत नाही, ओरडावंसं वाटत नाही. कारण आपल्याला जी घुसमट जाणवते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते, ऑक्सिजन कमी पडल्याची नव्हे. आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये श्वास घेताना कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडतच राहतो, त्यामुळे शरीर कुठलीही सूचना देत नाही. ‘कोंदलं तर बाहेर येईन की’ या भरवशावर आत गेलेल्या माणसाला मुळात कोंदतच नाही.

आणि मग पुढचं घडतं, जे या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. आतला माणूस हलत नाही हे बाहेरच्याला दिसतं. तो धावतो. त्याच्या मागं तिसरा. अमेरिकेच्या निओश या कामगार आरोग्य संस्थेनं १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा आढावा घेऊन इशारा दिला होता, की अशा ठिकाणी मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे मैला टाकीत, जुन्या विहिरीत, बायोगॅसच्या खड्ड्यात एकाच घरातले दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्यांची कथा हीच असते. कोल्हापूरचा माणूस दुसऱ्यासाठी उडी घ्यायला मागंपुढं बघत नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात ते सगळ्यांनी पाहिलं. पुराच्या पाण्यात ती हिंमत कामी येते. वायूनं भरलेल्या टाकीत तीच हिंमत एकाचे तीन मृत्यू करते. म्हणून आत माणूस पाठवण्याआधीच त्याच्या कमरेला पट्टा आणि दोर, बाहेर एक माणूस फक्त नजर ठेवायला, आणि त्या बाहेरच्या माणसाला एकच सक्त ताकीद: काहीही झालं तरी आत जायचं नाही, बाहेरूनच ओढायचं. हे कुणाच्याही अंगी उपजत नसतं. माणुसकीच्या विरुद्ध वाटणारी ही गोष्ट आहे, म्हणून ती आधी शिकवावी लागते, पुन्हा पुन्हा शिकवावी लागते.

आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हे थोडंबहुत ठाऊक होतं. पडीक विहिरीत उतरण्याआधी दोराला बांधून कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. हे ज्ञान अनुभवातून आलं असेल, पण टिकलं ते सांगून. बापानं मुलाला मुद्दाम सांगितलं म्हणून. अर्थात कंदिलाची मर्यादा आहे. ज्योत विझण्याइतका ऑक्सिजन कमी झाला नसतानाही आत हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू असू शकतो, आणि आत मिथेन असेल तर कंदील हाच स्फोटाचं कारण ठरतो. आज त्या कंदिलाची जागा मुठीत मावणाऱ्या मीटरनं घेतली आहे. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, चारही एकदम दाखवतो आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ओरडतो.

वास आला की कळेलच, हा दुसरा भ्रम. अमोनियाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला झोंबतो आणि माणूस पळतो. पण हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढलं की येईनासा होतो, कारण तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास गेला, म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस पुढे जातो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. क्युपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या भट्टीच्या, तोंडाशी, ओतकामानंतर धुमसणाऱ्या साच्यांच्या रांगेत तो असतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि संध्याकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून कामगार एक गोळी घेऊन घरी जातो. फौंड्रीत डोकं दुखायचंच, असं आपणच त्याला शिकवलेलं असतं.

‘आमच्याकडे केमिकल इंडस्ट्री नाही, ते रोहा-महाड-लोट्याचं दुखणं’ असं इथं सर्रास ऐकायला मिळतं. जरा जिल्ह्यावरून नजर फिरवू. दुधाची चिलिंग सेंटरं, बर्फाचे कारखाने आणि कोल्ड स्टोरेज अमोनियावर चालतात. शहरांच्या पाणीपुरवठ्यात क्लोरिन लागतो. एका टनरमध्ये, म्हणजे त्याच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, सुमारे ९०० किलो द्रवरूप क्लोरिन असतो आणि एक लिटर द्रवापासून साडेचारशे लिटरच्या पुढे वायू होतो. साखर कारखान्यांत रस साफ करायला सल्फर डायऑक्साइड, त्यांच्या डिस्टिलरीत आंबवण्याच्या टाक्यांवर कार्बन डायऑक्साइड. कापडावर प्रक्रिया होते तिथं सोडियम सल्फाइडच्या रंगाच्या पाण्यात आम्ल पडलं तर हायड्रोजन सल्फाइड, आणि ब्लिचिंगच्या हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) पडलं तर क्लोरिन. चांदी शुद्ध करायला नायट्रिक आम्ल वापरतात तिथं तपकिरी धूर, ज्याचा खरा परिणाम फुप्फुसावर काही तासांनी दिसतो, तोवर माणूस जेवून झोपायला गेलेला असतो. फौंड्रीत सोडियम सिलिकेटचे कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, कडक करायला कार्बन डायऑक्साइड, कोल्ड बॉक्स या दुसऱ्या पद्धतीत अमाइनचा वायू. आपल्याकडे केमिकल इंडस्ट्री एका फाटकाच्या आत नाही, ती सगळीकडे विखुरलेली आहे, इतकाच फरक. ३० एप्रिल २०२३ ला लुधियानाच्या गियासपुरा भागात विषारी वायूनं ११ माणसं मेली. तो रासायनिक कारखाना नव्हता, दुकानं आणि घरं असलेली वस्ती होती.

जबाबदारीचा प्रश्न खरा इथं येतो. अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असे दोन शब्द असतात. ज्याला काळजी कशाची घ्यायची हेच कुणी सांगितलं नाही, त्याला निष्काळजी म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये लोक वाऱ्याच्या दिशेनं पळत राहिले. तोंडावर ओलं फडकं धरा एवढी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेमका कोणता वायू आहे हे धड सांगितलं गेलं नाही. तिथं वायूनं माणसं मारली तशी माहिती दडवण्यानंही मारली. त्यातूनच १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणं हे मालकाचं कर्तव्य ठरलं. पण अशा कायद्यांची पकड मोठ्या कारखान्यांवर. चार-सहा माणसांची शेड त्या उंबरठ्याच्या बाहेर राहते, आणि उद्यमनगरचा बहुतेक संसार अशा शेडचाच आहे.

सिलिंडरला मात्र माणसांच्या संख्येची अट नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे सिलिंडर जाईल तिथं लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. या नियमांनुसार सिलिंडरवर वायूचं नाव आणि तो भरणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. शिवाय इशाऱ्याचा मजकूर हवा: सिलिंडरचा रंग बदलू नका, दुसरा वायू भरू नका, जवळ ज्वालाग्राही वस्तू ठेवू नका, व्हॉल्व्हला तेल लावू नका, चाचणीची तारीख उलटून गेली असेल तर सिलिंडर घेऊ नका. सिलिंडर एकमेकांवर आपटू नयेत, घसरवू नयेत, टाकू नयेत, हेही त्यातच आहे. आता सकाळी उद्यमनगरात उभं राहून बघा. टेम्पोचा फाळका खाली येतो, जमिनीवर जुना टायर टाकला जातो आणि त्यावर एकामागून एक सिलिंडर सोडले जातात. व्हॉल्व्हवर टोपी नसलेलेही त्यात असतात. इशाऱ्याचा कागद कधीच गळून पडलेला असतो, आणि असलाच तर बहुधा इंग्रजीत.

म्हणून माझी पहिली मागणी गॅस विकणाऱ्यांकडे आहे. जो वायू विकतो त्यानं त्या वायूचं ज्ञान सोबत दिलंच पाहिजे, आणि ते बिलाच्या मागं बारीक अक्षरात नव्हे. नवा ग्राहक जोडला की पुरवठादाराचा माणूस शेडमध्ये येईल, सिलिंडर कुठं उभे करायचे, साखळी कुठं लावायची ते दाखवील, रेग्युलेटर लावून-काढून दाखवील, आणि हेल्परसकट सगळ्यांकडून एकदा करून घेईल. मराठीत आणि हिंदीत, दोन्ही. कारण आज आपल्या फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं मोठ्या संख्येनं आहेत, आणि नुसत्या मराठी पाटीचा त्यांना उपयोग नाही. आज पुरवठादार निवडताना आपण दर आणि उधारीचे दिवस विचारतो. तिसरा प्रश्नही विचारायला हवा: शिकवायला माणूस कधी पाठवताय?

दुसरी मागणी आपल्याच संघटनांकडे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा या संघटनांनी रस्ते, वीजदर, पाणी यांसाठी भांडून बरंच मिळवलं आहे. गॅसचं ज्ञान हा त्याच तोडीचा विषय आहे. छोट्या शेडवाल्याला चार वायूंचा मीटर, श्वसनाचा संच, तिपाई आणि दोराची सोय हे सगळं एकट्याला परवडायचं नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. वर्षातून चारदा टाकीत माणूस उतरवणाऱ्यानं ते विकत का घ्यावं? संघटनेनं प्रत्येक वसाहतीत एक संच ठेवावा, मीटरचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करावं आणि फोन केला की संचासोबत वापरणारा माणूसही द्यावा. भाडं घ्या, काही हरकत नाही. आयटीआयमधून दर वर्षी वेल्डर बाहेर पडतात, त्यांनी निदान एकदा बंद टाकीतून बाहुली दोरानं ओढून काढली पाहिजे, कागदावर उत्तर लिहून नव्हे.

यावर मालक मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: सांगून उपयोग नाही, पोरं ऐकत नाहीत. हे मी मनापासून नाकारतो. २०२१ चा एप्रिल-मे आठवा. उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला होता, कटिंगची कामं थांबली होती, आणि गल्लोगल्ली बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले होते. चौथी शिकलेल्या आजीलाही ९४ हा आकडा पाठ झाला होता. त्याच्या खाली गेलं की काय करायचं, पोटावर कसं झोपायचं, हे खेड्यापाड्यांत माहीत झालं. त्याच एप्रिलच्या २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले, तेव्हा ऑक्सिजनची टाकी, तिचा व्हॉल्व्ह, तिचा दाब यांची चर्चा चहाच्या टपरीवर होत होती. अवघ्या काही आठवड्यांत सगळा समाज एका वायूबद्दल शिकला, कारण ते शिकणं जिवाशी निगडित आहे हे त्याला पटलं होतं आणि सांगणारे घसा फोडून सांगत होते. ज्या समाजाला ९४ पाठ होतो त्याला १९.५ पाठ होणार नाही, असं कोण म्हणतो? याच संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हाही ‘या पोरांना शिकून काय करायचंय’ म्हणणारे कमी नव्हते.

वेळ जातो, हा दुसरा आक्षेप. खरंच जातो. टाकी उघडून ब्लोअर लावायचा, अर्धा तास हवा खेळवायची, मीटर खाली-मध्ये-वर अशा तीन ठिकाणी धरायचा, मग माणूस उतरवायचा. घाईच्या ऑर्डरला तो अर्धा तास खुपतो. पण हा अर्धा तास कामाच्या दरात धरलेला नसतो म्हणून खुपतो. वेल्डिंग रॉड, ग्राइंडिंग व्हील, वीज यांचे पैसे कोटेशनमध्ये लावताना कुणी लाजत नाही. हवा तपासण्याचे लावायला काय हरकत आहे? काम देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते मान्य केले पाहिजेत. गाड्यांच्या पार्टमध्ये मायक्रॉनचा फरक पडला तर ज्या कंपन्या पूर्ण लॉट परत पाठवतात, त्यांनी तो पार्ट ओतणाऱ्याच्या शेडमधली हवा एकदा तरी तपासून मागितली, तर चित्र वर्षभरात बदलेल. ताकद त्यांच्या हातात आहे.

एक गोष्ट खास आपल्या गावाची आहे आणि तिच्यावर फारसं बोललं जात नाही. मोठी गळती झाली तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची जवळची कायमची तुकडी पुण्याजवळ आहे. दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. म्हणजे पहिले काही तास आपले आपणच. आणि महापुरात २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली, तसं झालं तर नदीच्या एका बाजूला शहरातले अग्निशमन बंब आणि दवाखाने, दुसऱ्या बाजूला शिरोलीची वसाहत. एलपीजीचे सिलिंडर पाण्यावर तरंगतात आणि नळीसकट ओढले जातात. कार्बाइडच्या डब्यात पाणी शिरलं की ॲसिटिलिन तयार होतं, बंद खोलीत ते साठतं, आणि पूर ओसरल्यावर दार उघडून दिव्याचं बटण दाबणाऱ्याला ते भेटतं. रेग्युलेटरमध्ये गाळ शिरलेला सिलिंडर धुऊन-पुसून पुन्हा वापरला जातो. पूररेषेच्या आतल्या किती शेडमध्ये, किती सिलिंडर, कोणत्या वायूचे आहेत, याची यादी अग्निशमन दलाच्या हातात असली पाहिजे. ही माहिती गॅस पुरवठादारांच्या वह्यांत आजही आहे, फक्त एकत्र करायची आहे. महापालिका, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय यांनी ती दर वर्षी मेअखेरपर्यंत एकत्र करून घ्यावी. त्यात चार रकाने पुरेत: वायू कोणता, सिलिंडर किती, साखळीनं बांधलेले की मोकळे, आणि रात्री शेडची किल्ली कुणाकडे.